आडव्या बाटलीला पडलेली मतं मोजा, न पडलेली नकोत

महाराष्ट्र विधानसभेच्या आणि विधान परिषदेच्या सर्व सन्माननीय सदस्यांना,

सविनय नमस्कार.

मी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात राहते. गावाचं, तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार कुणा एका साहेबाविरुद्ध नाही. ती एका नियमाविरुद्ध आहे, आणि तो नियम बदलणं आपल्या हातात आहे. गेली 14 वर्षं मी आमच्या बचत गटाचं रजिस्टर लिहिते. कोणी किती भरले, कोणाचा हप्ता राहिला, कोणाची सही, कोणाचा अंगठा, सगळं माझ्या हातचं. हिशेब जुळला नाही तर मला रात्री झोप येत नाही. दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर जानेवारीत आमच्या गावात मतदान झालं. त्या मतमोजणीचा जो हिशेब झाला तो मला अजून जुळवता आलेला नाही, म्हणून हे पत्र.

एसटीच्या थांब्याला लागून आमच्याकडे देशी दारूचं सरकारमान्य दुकान आहे. तालुक्याच्या कॉलेजला जाणाऱ्या मुली तिथेच गाडीची वाट बघत उभ्या राहतात. माझे धाकटे दीर त्या दुकानाच्या पायरीवर बसून बसून 39 व्या वर्षी गेले. पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे पिवळे. त्यांच्या औषधाला काढलेलं कर्ज आम्ही आत्ता कुठे फेडलं. म्हणून गेल्या श्रावणात दुकान बंद करायचा अर्ज लिहायला घेतला, तेव्हा पहिली सही सासूबाईंनी केली. त्या अंगठा देत. पण त्या दिवशी म्हणाल्या, ‘अंगठा नको, मला नाव लिहायला शिकव.’ ओसरीवर पाटी घेऊन दोन दुपारी बसल्या. तिसऱ्या दिवशी कागदावर स्वतःचं नाव लिहिलं, काना जरा लांब गेला, पण नाव पूर्ण लिहिलं.

मार्गशीर्षात त्या गेल्या. मतदान पौषात लागलं. यादीत त्यांचं नाव तसंच होतं. आणि नियमाप्रमाणे निकाल लावताना त्यांचं न पडलेलं मत दुकानाच्या पारड्यात गेलं.

हे कसं, ते सांगते. आपल्यापैकी बऱ्याच जणांना आदेश ठाऊक असेलच, पण हे पत्र इतर लोकही वाचतील, म्हणून थोडक्यात. 2008 च्या शासन आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी 25 टक्क्यांनी, दारूचं परवानाधारक दुकान बंद करण्याची लेखी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहू दे म्हणणारीने उभीवर शिक्का मारायचा, बंद करा म्हणणारीने आडवीवर. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं लागतात. ही निम्मी मतं झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हेत. ती यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात.

देशात असा हक्क फार कमी ठिकाणी आहे, आणि तो दिल्याबद्दल मी या सभागृहाची आणि शासनाची मनापासून ऋणी आहे. सामान्य माणसांनी सह्या गोळा करायच्या, सरकारने पेटी ठेवायची आणि लोकांनी ठरवायचं, हे आपल्या राज्यात घडतं. जावळी तालुक्यातल्या बायकांनी याच वाटेने गावोगावची दुकानं बंद पाडली, तेव्हा त्यांचे फोटो पेपरात बघून आमच्यासारख्यांना पहिल्यांदा वाटलं की आपलंही काही चालतं. म्हणूनच या हक्काचे नियम नीट असावेत, असा माझा आग्रह आहे.

आमच्या गावची मतमोजणी शाळेच्या वर्गात झाली. टेबलावर दोन गड्ड्या लागत होत्या. आडव्या बाटलीची गड्डी वीतभर झाली, पुढे दोनदा घसरली, तेव्हा तिच्यावर खडूचा डबा ठेवावा लागला. उभ्या बाटलीची गड्डी माझ्या करंगळीच्या एका पेराएवढी होती. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या बायकांनी ते बघितलं आणि त्या रडायला लागल्या, हसायलाही लागल्या. एकीने हळदीकुंकवाची कोयरी बरोबर आणली होती. मग साहेबांनी यादीची एकूण संख्या वाचली, तिचा निम्मा काढला, आणि सांगितलं की 18 मतं कमी पडली, दुकान चालू राहील. कोयरी उघडलीच गेली नाही.

त्या रात्री मी मतदार यादी घेऊन बसले. ज्या आपल्यात नाहीत त्यांच्या नावापुढे फुली मारली. लग्न होऊन सासरी गेलेल्या, पण नाव अजून माहेरच्या यादीत असलेल्या लेकींपुढे टिंब. ऊसतोडीला गेलेल्यांपुढे कोयत्याची खूण. पहिल्या दोन पानांतच 18 चा आकडा मागे पडला. पुढची पानं मी मोजली नाहीत.

आता माझ्या तक्रारी एकेक करून सांगते.

सगळ्यात मोठी तक्रार याच हिशेबाची आहे. जी बाई मतदानाला आली नाही, तिचं मत काय होतं हे कुणालाच माहीत नाही. ती मेली असेल, गरोदर असेल, कारखान्यावर असेल, घाबरली असेल, किंवा तिला खरंच फरक पडत नसेल. नियम मात्र या सगळ्यांना एकाच रांगेत उभं करतो आणि ‘दुकान हवं’ म्हणणाऱ्यांत धरतो. आपल्या निवडणुकीत असं होत नाही. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे 66 टक्के मतदान झालं. एखाद्या आमदारसाहेबांना झालेल्या मतदानाची निम्मी मतं मिळाली असली, तरी यादीतल्या 100 पैकी 33 च त्यांच्या पाठीशी आहेत. बाकीच्या 67 नी त्यांना नाकारलं, असं आम्ही म्हणत नाही. म्हणूही नये. जे आले त्यांच्यातून ज्याला जास्त मतं तो निवडून आला, एवढं साधं आहे ते. ज्या पायरीवरून चढून आपण सभागृहात बसता, तीच पायरी एका देशी दारूच्या दुकानासमोर आमच्यासाठी का चालत नाही?

ग्रामसभेचंही बघा. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल ती पुरते. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. अशा तहकूब सभेत गावाचा वर्षाचा आराखडा मंजूर झालेला मी बघितला आहे. सतरंजीवर 20 माणसं होती. त्यात रस्ते होते, गटारं होती, लाखो रुपयांची कामं होती. त्या 20 माणसांचा निर्णय गावाचा निर्णय ठरतो. आमच्या शेकडो बायका रांगेत उभ्या राहून गुप्त मतदान करतात, आणि त्यांचा निर्णय गावाचा ठरत नाही.

याच नियमातून दुसरी गोष्ट घडते, आणि ती जास्त वाईट आहे. न येणं म्हणजेच दुकानाला मत असेल, तर दुकान हवं असणाऱ्याने मतदानाला यायचं कशाला? घरी बसलं की झालं. मग मतदान केंद्रावर कोण येतं? बहुतेक त्याच, ज्यांना दुकान बंद हवं आहे. म्हणजे शिक्का कशावर मारला हे झाकलेलं असतं, पण कोण बाई शाळेच्या दिशेने निघाली हे सगळ्या गावाला दिसतं. आमच्या इथे त्या दिवशी सकाळपासून पारावर चार माणसं बसली होती. त्यांनी कुणाला शिवी दिली नाही, कुणाला अडवलं नाही. ते नुसते बसून बघत होते. ज्या बाईचा नवरा त्या दुकानात उधारीवर पितो, जिच्या नवऱ्याने ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले आहेत आणि मुकादमाची त्या दुकानदाराशी ऊठबस आहे, ती त्या पारासमोरून कशी जाणार? माझ्या शेजारची वहिनी घरातून निघाली, पारापर्यंत आली आणि पदर सावरून परत फिरली. मी तिला दोष देत नाही. गुप्त मतदान तिला संरक्षण देण्यासाठी होतं. नियमाने ते काढून घेतलं. झालेल्या मतांचं बहुमत धरलं, तर दोन्ही बाजूंच्या लोकांना यावंच लागेल, आणि मग कोण कशाला आलं हे पाराला कळणार नाही.

माझी भाची शहरात वकिलीचं शिकते. तिने मला सांगितलं की हा अनुभव एकट्या आपला नाही. इटलीत नागरिकांनी 5 लाख सह्या गोळा केल्या की कायदा रद्द करण्यासाठी सार्वमत होतं, पण निम्म्याहून जास्त मतदार आले तरच ते ग्राह्य धरतात. जून 2025 मध्ये तिथे कामगार कायद्यांवर आणि नागरिकत्वावर असं मतदान झालं. सुमारे 30 टक्केच लोक आले आणि सगळं वाया गेलं. विरोधकांनी ‘नाही म्हणा’ असा प्रचार करण्यापेक्षा ‘जाऊच नका’ असा केला. उलट स्वित्झर्लंडमध्ये संसदेने केलेल्या कायद्याला 100 दिवसांत 50 हजार सह्यांनी आव्हान देता येतं, आणि निकाल जे मत देतात त्यांच्या बहुमतावर लागतो. किती जण आले याची अट नाही. आपली अट इटलीपेक्षाही कडक आहे. तिथे निदान आलेल्यांमध्ये ‘नको’ म्हणणारेही निम्म्यांत धरतात. आपल्याकडे एकट्या आडव्या बाटलीनेच सगळ्या यादीचं निम्मं गाठायचं असतं.

पडताळणीबद्दल आता. आम्ही अर्ज दिला तेव्हा गाव भरलेलं होतं. श्रावणात ऊसतोडीच्या टोळ्या गावातच असतात. आम्ही घरोघर फिरलो, वाडीवस्तीवर गेलो, चिखल तुडवत तांड्यावर गेलो. हव्या होत्या त्यापेक्षा कितीतरी जास्त सह्या झाल्या. अर्जाची पोच मागितली, तर ‘आवक बारनिशीत (आलेल्या कागदांच्या नोंदवहीत) चढवतो’ म्हणाले. पोचेचा शिक्का तिसऱ्या खेपेला मिळाला. त्यानंतर पडताळणी कधी, हे कुणी सांगेना. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा बैठकीत, एकदा दुसऱ्याच तालुक्याच्या निवडणुकीच्या कामात. हे खरंही असेल. कर्मचारी कमी आहेत हे मला दिसतं. पण दसरा गेला, दिवाळी गेली, गाड्या भरून टोळ्या साखर कारखान्यांवर गेल्या, आणि मग पडताळणीची तारीख आली. सही केलेल्या बाईने स्वतः समोर येऊन ओळखपत्र दाखवून पुन्हा सही करायची होती, एकाच दिवशी, अकरा ते पाच. ज्या कोयता घेऊन दोन-तीनशे किलोमीटरवर फडात उभ्या होत्या, त्यांच्या सह्या बाद झाल्या. मतदानाच्या वेळीही त्या तिथेच होत्या. पट्टा पडून, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून, त्या गावात परत आल्या तेव्हा सगळं संपलं होतं. एकीने मला विचारलं, ‘ताई, आपलं मतदान कधी हाय?’ मी खाली बघितलं.

त्यातच नावांचा घोळ. यादीत नावापुढे ‘बाई’ आहे, आधारवर नाही. रेशन कार्डावर सासरचं नाव, यादीत माहेरचं. कुणी अर्जावर अंगठा दिला होता आणि मधल्या काळात सही शिकली, म्हणून तिची सही ‘जुळत नाही’. माझ्या सासूबाईंचंही तसंच झालं होतं. मतदान ओळखपत्राच्या वेळचा अंगठा, आणि अर्जावर स्वतःच्या हाताने लिहिलेलं नाव. पडताळणीच्या दिवशी त्यांना अर्धा तास बाजूला बसवून ठेवलं. शेवटी त्यांनी साहेबांसमोर कोऱ्या कागदावर पुन्हा नाव लिहून दाखवलं, तेव्हा मान्य झालं. लिहून झाल्यावर त्यांनी पेन टेबलावर ठेवलं नाही, हातातच घट्ट धरून घरी आणलं. ते पेन माझ्याकडे आहे.

शहरातल्या बहिणींची अडचण वेगळी आहे. ती माझ्या अनुभवाची नाही, म्हणून थोडक्यात सांगते. आदेशात ‘वॉर्ड’ आहे. मुंबई सोडून इतर महापालिकांत 2017 पासून बहुतेक चार नगरसेवकांचे प्रभाग झाले. एकेका प्रभागात हजारो मतदार. दुकान एका गल्लीत, त्याचा त्रास चार इमारतींना आणि एका झोपडपट्टीला, आणि सह्या मात्र तीन किलोमीटर पलीकडच्या वसाहतीतूनही आणायच्या. त्या लोकांनी ते दुकान पाहिलेलंही नसतं. 2009 मध्ये याच विधिमंडळाने शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद केली होती, की ग्रामसभेसारखं छोट्या भागातल्या मतदारांनी एकत्र बसावं. ती कागदावरून खाली उतरलेली दिसत नाही. ती उतरली असती तर हा प्रश्न आज पडलाच नसता.

काही जण म्हणतील, दारूबंदीने कुठे काय साधलं? वर्धा 1974 पासून कोरडा आहे, गडचिरोली 1993 पासून. चंद्रपूरची बंदी 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. यावर चांगली माणसंही दोन बाजूंनी बोलतात. राज्यघटनेचं 47 वं कलम शासनाला दारूबंदीच्या दिशेने प्रयत्न करायला सांगतं, आणि महसूलही शासनाला लागतो. हा वाद मला इथे घालायचाच नाही. ज्या गावाला दुकान हवं असेल, त्या गावाने उभी बाटली निवडावी, मला मान्य आहे. आमच्याकडे उद्या झालेल्या मतांमध्ये उभी बाटली एका मताने जिंकली, तरी मी निकाल डोक्यावर घेईन. मला फक्त एवढंच हवं आहे की गावाने काय म्हटलं ते गावाच्या तोंडून ऐकलं जावं.

आणि दारूपुरतंच हे का थांबावं, हेही विचारते. आमच्या शेजारच्या गावात गायरानाचा मोठा तुकडा कशासाठी तरी द्यायचा ठरला, तेव्हा लोकांना कळलं ते मोजणीवाले साखळी घेऊन आले त्या दिवशी. कुठे खडी क्रशर येतो, कुठे गावाच्या वरच्या अंगाला कचरा डेपो येतो. लोक मोर्चा काढतात, रस्ता अडवतात, त्यांच्यावर गुन्हे दाखल होतात. सह्या गोळा करून पेटी मागायची सोय असती तर निम्मे मोर्चे निघालेच नसते. आपल्या राज्यात हे एकदा झालं आहे. सप्टेंबर 2008 मध्ये रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातल्या 22 गावांत ‘महामुंबई’ सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) जमीन द्यायची की नाही, यावर शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. पण त्यामागे कायदा नव्हता. त्या मताचं पुढे काय करायचं, निकाल कधी आणि कुणी जाहीर करायचा, याचा नियमच नव्हता. शेतकऱ्यांनी मत दिलं आणि निकालाची वाट बघत बसले.

याच्या उलट उदाहरण शेजारचं आहे आणि ते आपल्याला दुखलेलंही आहे. 16 जानेवारी 1967 ला गोव्याने महाराष्ट्रात यायचं की नाही यावर जनमत कौल झाला. त्याआधी संसदेने 1966 मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला. प्रश्न आधी ठरला, चिन्हं आधी ठरली: विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. झालेल्या मतांचं साधं बहुमत धरलं. 34,021 मतांनी दोन पानं जिंकली. महाराष्ट्राच्या मनाविरुद्ध निकाल गेला, आणि महाराष्ट्राने तो मानला, कारण नियम आधी लिहिलेले होते आणि सगळ्यांना माहीत होते. बाटलीचं चित्र काय, पानाचं चित्र काय, अक्षर न येणाऱ्या माणसालाही आपलं मत देता यावं म्हणूनच ती चित्रं असतात. तेवढाच विचार मोजणीच्या वेळीही व्हावा.

आता मागण्या. त्या मी ग्रामसभेच्या ठरावासारख्या सरळ लिहिते.

2008 च्या आदेशात दुरुस्ती करून आडव्या किंवा उभ्या बाटलीचा निकाल झालेल्या वैध मतांच्या बहुमतावर लावावा. अगदीच थोड्या लोकांनी सगळ्यांचं ठरवू नये अशी काळजी असेल, तर किती टक्के मतदान व्हावं याची माफक अट घाला. पण ती आलेल्या सगळ्यांना मोजून घाला, एका बाजूच्या मतांवर नको.

मतदानाआधी त्या गावाची, त्या वॉर्डाची यादी ताजी करावी. मयतांची नावं ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत असतात. दोन वह्या शेजारी ठेवल्या की एका दुपारचं काम आहे.

अर्ज घेतल्याची पोच त्याच दिवशी, त्याच टेबलावर द्यावी. पडताळणी किती दिवसांत आणि मतदान किती दिवसांत, याची मुदत आदेशातच आकड्यांत लिहावी. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत आली आणि उशीर करणाऱ्याला दंड आला. तेच इथे करावं.

ज्या तालुक्यांतून ऊसतोडीला लोक जातात, तिथे टोळ्या बाहेर असताना पडताळणी किंवा मतदान ठेवू नये. पडताळणीला किमान तीन दिवस द्यावेत, त्यांतला एक बाजाराचा किंवा सुट्टीचा. नावातल्या ‘बाई’वरून किंवा अंगठ्याऐवजी सही आली म्हणून कुणाचीही सही बाद करू नये, बाद केली तर कारण लेखी द्यावं आणि दुरुस्तीला आठ दिवस द्यावेत.

मतदानाच्या दिवशी केंद्रापासून ठराविक अंतरात दोन्ही बाजूंच्या माणसांनी बसायचं नाही, हे निवडणुकीत आहे तसंच इथेही काटेकोर पाळावं. पार त्या अंतरात येत असेल तर पारही रिकामा ठेवावा.

शहरात दुकानाभोवतीच्या मतदान केंद्रांचा भाग हाच ‘वॉर्ड’ धरावा. नवं दुकान येण्याआधीच लोकांना विचारावं. मार्च 2025 मध्ये विधानसभेत सांगितलं गेलं की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात नवं दारूचं दुकान यायला सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. सोसायटीला विचारता, तर गावालाही विचारा.

आणि शेवटची, मोठी मागणी. गायरान, कचरा डेपो, खाण, गावठाणातली सार्वजनिक जागा, अशा त्या गावाच्या किंवा वॉर्डाच्या निर्णयांवर ठरावीक सह्यांनी लोकांना मतदान मागता येईल, असा कायदा करावा. प्रश्न कोण लिहील, सह्या किती आणि किती दिवसांत, निकाल कुणावर बंधनकारक, सगळं त्यात असावं. मात्र त्यात एक कुंपण हवंच. कुणाचं घर, कुणाचा धर्म, कुणाची जात, कुणाचा गावात राहायचा हक्क, असल्या गोष्टी मताला टाकता येणार नाहीत, असं स्पष्ट लिहा. गावाचं बहुमत एखाद्या वस्तीवर उलटलेलं आम्ही बघितलं आहे, आणि त्या वस्तीतल्या बायकाही माझ्याच गटात आहेत.

थेट निवडून आलेल्या सरपंचावर अविश्वास आला तर तो ग्रामसभेत गुप्त मतदानाला ठेवायची तरतूद आपणच केली आहे. मध्य प्रदेशात नगराध्यक्षाला परत बोलवायला ‘खाली कुर्सी, भरी कुर्सी’ असं मतदान होतं. मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत तिथे प्रशासकच कारभार बघत होते. अशा काळात लोकांकडे नगरसेवकाचं दारही नसतं. सह्यांचं दार तरी असावं. तेव्हा ही मागणी अगदीच नवी किंवा परकी आहे, असं कृपया म्हणू नका.

आपल्यापैकी कोणीही, कोणत्याही पक्षाचे असोत, येत्या अधिवेशनात यावर तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी मांडावी, एवढी हात जोडून विनंती आहे. शासनाचं उत्तर काय आलं ते आम्ही ग्रामपंचायतीच्या फलकावर लावू.

आम्ही पुन्हा अर्ज करणार आहोत. कोरे कागद आणून रेघा मारून ठेवल्या आहेत. टोळ्या दसऱ्यानंतर निघतात. त्याआधी नियम बदलला, तर या वेळी गावातली प्रत्येक बाई आपलं मत स्वतः देईल.

आपली नम्र,
एका महिला बचत गटाची सचिव,
बालाघाट डोंगरपट्टा, मराठवाडा